मोटरीचा पोळा

दोन हजार सालच्या पोळ्याला, सकाळी सात वाजता, आमच्या माळावरच्या वस्तीतल्या समस्त बायांवर अन्याय झाला. बैल धुवायचे, पुरण शिजवायचं, आणि नळाला थेंब नाही! अन्याय करणारा माझा सख्खा थोरला चुलता. घनसावंगी तालुक्यात त्याच्याइतका मायाळू जुलमी दुसरा झाला नाही, हे मी ठणकावून सांगतो.

काका गावच्या पाणीपुरवठ्याचे पंपचालक. माणसांशी तुसडे, मोटरीशी लोणी. "चल माय" म्हटल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. काकू तापानं फणफणलेली असताना कुणी विचारलं, "कशी हाय तब्येत?" तर म्हणाले, "बेअरिंग जरा आवाज करून राह्यलंय." पूर्वी पाणी कमी लागलं की व्हॉल्व्ह आवळत, मोटर मात्र भरधावच. काका कळवळायचे, "बैल पळवायचा आन् मागून कासरा ओढायचा. पाप हाय हे!" मग ड्राइव्हचा डबा आला. वीज आधी या डब्यात शिरते. तिची सेकंदाला पन्नास आवर्तनं डबा हवी तितकी कमी करतो आणि मोटरही त्या मानानं हळू फिरते. काकांनी डब्यापुढं नारळ फोडला. व्हॉल्व्ह सताड उघडा टाकला आणि डब्यावरचा आवर्तनांचा आकडा पन्नासच्या खाली घेऊन मोटरीला चालीनं चालवू लागले.

आणि पोळा आला. त्या दिवशी बैलाला कुणी जुंपत नाही. "मंग हिनंच काय घोडं मारलं?" काकांनी मोटरीला हिंगूळ फासला, गोंडा बांधला आणि आकडा थेट पस्तीसवर आणला.

मी बाया, घागरी आणि घोषणा घेऊन पंपघरावर धडकलो.

"काका, माळावर पानी न्हाई!"

"फिरून तर राह्यली की! हळू चालनारा बैलबी माळावर पोचतोच."

बैल पोचतो हो, पाणी नाही पोचत! पंप पाणी वर फेकतो ते वेगाच्या जोरावर. वेग दहाचा सात केला की फेकीची उंची निम्म्यावर येते. डबा बसवणाऱ्यानं हे बजावून सांगितलं, तेव्हा काका डब्याला कुंकू लावत होते. पाणी अर्ध्या चढावर थबकलेलं, आणि खाली मोटर झोकात फिरत होती.

घागर खाली आपटून एक म्हातारी म्हणाली, "दादा, मोटरीला सुट्टी, आन् आमच्या डोस्क्यावर घागर?"

काकांनी आकडा चढवला, आणि भर उन्हात स्वतः माळ चढून नळाला धार लागेपर्यंत उभे राहिले. त्यानंतर दर मोसमात आकडा ठरवायचा तो त्या नळापाशी उभं राहून, हा त्यांचा नेम झाला.

आता काका निवृत्त आहेत. ग्रामपंचायतीतल्या नव्या मंडळींनी लाइट बिल वाचवायला आकडा खाली आणून डब्याला कुलूप ठोकलंय. सकाळी मोटर सुरू झाली की पारावरचे काका बोलता बोलता थांबतात, कान देतात. "अर्ध्या चढावर हाय पानी," एवढंच पुटपुटतात.

गावातल्यांनो, तुमच्या नळाला पाणी आहे म्हणून घरात बसू नका. येत्या ग्रामसभेला या, हात वर करा आणि कुलूप काढायला लावा. आकडा माळावरच्या नळाला विचारूनच ठरला पाहिजे!