केसर हितंच राहते

बँकेच्या माणसाने दाराला कागद चिकटवला, तेव्हा केसरच्या मागच्या खोलीतले पुण्याचे पाहुणे तळलेली सुरमई संपवत होते. त्यातल्या एकीने डोकावून विचारलं, "काकू, नवीन रेट का?"

"व्हय, सीझनचे," केसर म्हणाली आणि कागदावर खरोखरच रेटचं कार्ड लटकवलं.

कागदात होतं की साठ दिवसांची नोटीस देऊनही हप्ते न भरल्याने बँकेने घराचा ताबा घेतला आहे. नवऱ्यामागे कर्ज काढून केसरने नागावच्या या घराला पाहुण्यांसाठी तीन खोल्या जोडल्या होत्या. सात हप्ते थकलेत हे तिला ठाऊक होतं. पण नोटीस तिने पाहिलीच नव्हती.

नाक्यावर शहाळी विकणारा बाळाजी छाती फुगवून म्हणाला, "आलता ना पोस्टमन. नवीन पोरगा. मी म्हटलं, केसर? ती गेली पनवेलला, लेकीकडं. कवा येल, काय भरवसा न्हाय. शेजारच्या सखुबाईनं पन तेच सांगितलं. आमी तुला अडकू देऊ काय?"

"बाळाजीभाऊ, मला लेक तरी हाय काय?"

"त्याला काय म्हाईत?"

गावाची रीतच ती. सरकारी पाकीट दिसलं की त्यावरच्या नावाचा माणूस गावात नसतोच. आजवर केसरनेही कितीजणांना असंच मुंबईला धाडलं होतं.

ती अलिबागच्या शाखेत गेली. "मॅडम, तुमची फाईल रिकव्हरीकडे." रिकव्हरीचा माणूस फोनवर नाकातून बोलायचा, "मॅम, तुम्ही ब्रँचशी बोला ना." परत शाखेत गेली तर साहेब मीटिंगला. असे सहा दिवस गेले. शेवटी कोर्टाजवळ मृणाली वकिलीण भेटली. ती श्वास न घेता बोलायची.

"मावशी, घर गेलेलं नाही. हा ताबा कागदावरचा. कागद लागल्यापासून पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, त्यातले सहा तुम्ही फोनवर घालवलेत. बँकेलाही लेखी द्या, निम्मी थकबाकी भरते, मुदत वाढवून हप्ता लहान करा. आणि नोटीस मिळाली नाही हा आपला मुद्दा. परत गेलेल्या पाकिटावर पोस्टाचा दोन तारखांचा शेरा आहे, पत्त्यावर राहत नाही. तुम्ही तिथेच होतात असं शेजाऱ्यांकडून लिहून आणा."

केसर तसा मजकूर लिहिलेला कागद घेऊन नाक्यावर आली. बाळाजीने तो दोनदा वाचला. "सही? म्हंजे मी पोस्टमनला खोटं बोललो असं हुईल ना."

"बोललासच ना."

"बोललो. पन सही वेगळी."

सखुबाई म्हणाली, "मी तर तवा म्हसळ्याला होते."

"तूच त्याला पनवेल सांगितलंस ना गं?"

"ते तोंडी."

केसरच्या अंगाची आग झाली. खोटं बोलायला सगळी आळी पुढे, खरं लिहायला एक बोट उचलेना. घरी येऊन तिने पिशवी आपटली. तेवढ्यात त्या दिवशीचे पाहुणे निघाले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे पाहुण्यांच्या वहीत नाव, तारीख, वेळ लिहून सही केली. खाली केसरनेही केली. केल्यावर तिचा हात थांबला. तिने मागची पानं उलटली. पोस्टमन परतल्याच्या दोन्ही तारखांना पाहुणे होते. एकदा ठाण्याचे, एकदा साताऱ्याचे. खाली तिची सही, दोन्हीकडे.

मृणालीने वही चाळली आणि पहिल्यांदाच श्वास घेतला. "निकाल मी सांगत नाही मावशी. पण भांडायला जागा झाली."

अर्ज गेला, बँकेलाही पत्र गेलं. पाटल्या मोडून निम्मी थकबाकी तयार झाली. तीन आठवड्यांनी केसर मोरीत बोंबील साफ करत होती, तर नाक्यावरून आवाज आला, "केसर? ती गेली ना पनवेलला, लेकीक..."

ती तशीच धावली. "मी हितंच हाय रे पोरा. पाकीट दे आदी." ओल्या बोटांनी सही केली. मुदतवाढीबद्दल बोलायला बँकेने सोमवारी बोलावलं होतं.

"सवय गं," बाळाजी पुटपुटला.

सोमवारी ती वही काखेत मारून निघाली, तर हा पुन्हा हजर. "कुठं चाललीस?"

"पनवेलला, लेकीकडं," केसर म्हणाली आणि अलिबागच्या रिक्षात बसली.