अळणी सोमवार

आईची आठवण निघाली की आमचे नातेवाईक डोळे पुसतात आणि म्हणतात, "देवमाणूस होती." देवमाणसाच्या हाताखाली दिवस काढून बघा म्हणावं. शेजारीण बाळंत झाली की आई तिच्या चुलीपाशी, गावात कुणी गेलं की आई त्या घरी, आणि आमच्या घरची भांडी माझ्या गळ्यात. आम्ही तिला अव्वा म्हणायचो.

आमचं गाव उदगीरजवळ. दुष्काळाच्या साली मी सातवीत होते. गावचे आड आटले होते. लांबच्या मळ्यातल्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरावी लागे. खायला रेशनची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापतानाच फुटायची. पण अव्वाचा नेम कधी फुटला नाही. आम्ही लिंगायत; रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पूजा करायची आणि मगच पाण्याचा घोट. सोमवारी त्याहून कडक. त्या दिवशी आमचे गुरू, जंगमस्वामी, पीठ मागायला गावात यायचे. त्यांना ओसरीवर बसवून ती त्यांचे पाय धुवायची, पोटभर जेवू घालायची आणि ते जेवले की मग स्वतः घास घ्यायची.

पाय धुवायला मोठा पितळी तांब्या लागायचा, काठोकाठ. आणि तो भरायचा मी आणलेल्या पाण्यातून!

"अव्वा, नुसती बोटं ओली केली तर चालत न्हाई का?" मी एकदा विचारलं.

"धुणं म्हंजे धुणं," ती म्हणाली. "पानी कमी हाय म्हून स्वामीचे पाय लहान झाले का?"

त्यामुळे सोमवारी पाण्याच्या दोन खेपा व्हायच्या आणि माझी शाळा बुडायची. मला शिकायचं होतं. गावात सातवीच्या पुढे गेलेली एकही मुलगी नव्हती, आणि पहिली मीच व्हायचं असं मी ठरवलं होतं. एका सोमवारी गणिताची चाचणी आली. बाईंनी बजावलं होतं, ही चुकवेल तिला वार्षिक परीक्षेला बसवणार नाही. पहिली खेप टाकून मी दप्तर उचललं तर अव्वानं पुन्हा घागर हातात दिली. स्वामी यायचेत, म्हणाली.

मी तणतणत निघाले. वेशीपाशी स्वामीच समोरून आले. खांद्याला झोळी, तीही रिकामी दिसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अव्वा मामाच्या गावाला गेली. घराला कुलूप हाय."

"बरं बाळ," म्हणाले आणि तिथूनच मागे फिरले. मी घागर कुंपणात दडवली आणि शाळेकडे पळाले. चाचणीत सगळी गणितं बरोबर आली.

दुपारी कुंपणातली घागर भरून घरी आले तर अव्वा उंबऱ्यात बसलेली. ओसरीवर पाट मांडलेला, शेजारी भरलेला तांब्या झाकून ठेवलेला. ती जेवली नव्हती. संध्याकाळीही जेवली नाही. पुढच्या सोमवारी स्वामी आले की खरं सांगू असं मी ठरवलं, पण स्वामी पुन्हा आलेच नाहीत. या मुलखात पीठ मिळेना म्हणून ते बिदरकडे लेकीच्या गावी निघून गेले, असं मागाहून कळलं.

"माझंच काय तरी चुकलं असंल," अव्वा म्हणाली. "आपल्या दारी न येताच उपाशी गेले." तिनं त्या दिवसापासून सोमवारचं मीठ सोडलं. एका वाक्यात मी तिला सोडवू शकले असते. आधी माराची भीती होती, पुढे लाज वाटायला लागली.

वर्षं गेली. लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली आणि मला तिथं कारकुनाची नोकरी लागली. माझे वडील, अप्पा, गेल्यावर अव्वाला मी लातूरला आणलं. घरात नळ होता, पण सोमवारची आमटी तिच्यापुरती आधी काढून ठेवावी लागायची, अळणी. दर सोमवारी ती वाटी बघून माझं डोकं फिरायचं. मी चिडायचे, भांडायचे, पण खरं काही सांगायचे नाही.

एका उन्हाळ्यात, नेमक्या सोमवारीच, ती मोरीपाशी चक्कर येऊन पडली. मी पाण्यात मीठ-साखर घालून पेला तोंडाशी नेला. तिनं तो हातानं बाजूला सारला.

"आज सोमवार हाय."

"अगं, स्वामी रागावलेच नव्हते!" मी ओरडले. "मीच त्यांना वेशीतून परत पाठवलं! तू गावाला गेलीस म्हणून खोटं सांगितलं! मला शाळा पाहिजे होती!"

"म्हंजे स्वामी माझ्यावर रुसले नव्हते?"

"नाही."

तिनं पेला घेतला आणि सगळा पिऊन टाकला. मी भिंतीला टेकून रडले. इतक्या वर्षांनी सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमटीला फोडणी दिली, तेवढ्यात ती वाटी घेऊन आली. "मीठ घालायच्या आधी माझी काढ."

"आज मंगळवार आहे! आणि काल पिलीस की मिठाचं!"

"सोमवार माझा होता, तो सुटला," अव्वा शांतपणे म्हणाली. "मंगळवार तुझा हाय. उपाशी मानसाला तू माघारी धाडलंस, ते कुनी तरी भोगाया पाहिजे का न्हाई? तुला हापिस हाय, तुला जमायचं न्हाई."

मी वाटी आपटली, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. मरेपर्यंत तिनं माझे मंगळवार केले.

ती गेल्यावर एका मंगळवारी मी अळणी आमटी वाढून घेतली. दुसऱ्याच घासाला उठले, मिठाचा डबा आणला आणि तिच्यावरच चडफडत ताट संपवलं.