मैंदर्गीचं मत आणि हडपसरची रांग

मतदानाची सुट्टी एका दिवसाची, आणि आमच्या ऑफिसातल्या बहुतेकांनी ती लोणावळ्याच्या नावानं आधीच लिहून ठेवली होती. मी म्हटलं, मी मैंदर्गीला चाललेय, आदल्या दिवशीची रजाही टाकलीय. "तिथे काय आहे?" शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला. "माझं मत," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण मला ते अगदी खरं वाटत होतं.

मैंदर्गी म्हणजे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या अगदी कुशीतलं गाव. इथलं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेत मास्तर होते. ते गेले, घर विकलं, मी पुण्यात हडपसरला कायमची झाले. गावात माझं म्हणून उरलं होतं ते यादीतलं नाव. निदान माझी तशी समजूत होती.

सकाळच्या गाडीनं निघाले. ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: खिडकी डावीकडची घ्या आणि घरून डबा आणू नका. कुर्डुवाडीला गाडी थांबली की चहावाला येतोच. पुढे माढा, मोहोळ, गुडघ्याएवढी ज्वारी आणि पिवळ्या फुलांची तूर. सोलापुरात उतरून स्टँडजवळ ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही, एवढ्यात पोट गच्च होतं. चटणी पुड्यात बांधून घ्याच. तिथून अक्कलकोटला एसटी तासाभरात पोचवते, बायकांना अर्धं तिकीट. अक्कलकोट ते मैंदर्गी मात्र वडाप. जीप माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही.

उतरले ती बसम्मा अत्तेंच्या दारात. आमच्या जुन्या घराच्या शेजारच्या या अत्ते, नात्याच्या नाहीत, पण माझ्या लहानपणापासून अत्तेच. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, वय ऐंशीच्या पुढे, आणि आवाज अजून गल्ली ओलांडून जाणारा.

"आलीस व्हय! वही आणलीस का?"

आणली होती. या वहीची गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आमच्या ओट्यावर बसत आणि उभ्या राहिलेल्या सगळ्या उमेदवारांची माहिती वाचून दाखवत. शिक्षण किती, मालमत्ता किती, अंगावर खटले किती आणि कसले. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. गल्लीतल्या बायका भाकऱ्या लवकर थापून येऊन बसत. शेवटी कुणीतरी विचारायचंच, "मास्तर, मग द्यायचं कुणाला?" आणि अण्णा वही मिटून म्हणायचे, "वाचतो मी. ठरवायचं तुमी." त्यांनी कुणाला मत दिलं हे माझ्या आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यावरून घरात अबोला झालेला मला आठवतो.

यंदा मी मोबाईलवरून मैंदर्गीच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचून सगळं वहीत उतरवून आणलं होतं. अत्तेंच्या ओट्यावर पाच-सहा बायका जमल्या. मी मराठीत वाचलं. कन्नडमध्ये सांगायला लागले तेव्हा माझी गाडी रुळावरून घसरली. घरी बोलायचं कन्नड येतं, पण जमीन, कर्ज, फौजदारी हे सगळं त्यात कुठून आणायचं?

"एष्ट साली कल्तान?" एकीनं विचारलं. हा उमेदवार किती शिकलाय.

"दहावी," मी म्हणाले.

"आणि तू?"

"एम. ए."

"मग कन्नड का असलं गं?" म्हणत अत्ते हसल्या, बाकीच्याही हसल्या. मग त्याच मला शब्द पुरवायला लागल्या. "ओदव्वा, ओद," वाच गं, वाच. मी वाचत राहिले. पलीकडे आमचं जुनं घर, नव्या मालकानं हिरवा रंग दिलेला. त्या ओट्यावर आता मोटरसायकल उभी होती. अण्णांचा आवाज ऐकू यावा असं मला इतकं वाटलं की एक ओळ मी दोनदा वाचली.

सकाळी सातला अत्तेंचा हात धरून शाळेत गेले. ही अण्णांची शाळा. मी अठराची झाले तेव्हा पहिल्यांदा याच चौथीच्या वर्गात त्यांच्या मागे उभी राहून मत दिलं होतं. त्यानंतर दर वेळी इथेच. बाहेर अंगणवाडीच्या सुरेखाताई यादी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अत्तेंचं नाव शोधून चिठ्ठी दिली. मग माझं कार्ड घेतलं, बोट खाली खाली नेलं, पान उलटलं, परत मागे आल्या.

"ताई, तुमचं न्हाय हितं."

"नीट बघा ना. बसम्मांच्या घरानंतर आमचं घर."

त्यांनी यादी माझ्याकडे फिरवली. बसम्मांच्या घरानंतर थेट कोपऱ्यावरच्या कुंभारांचं घर. अण्णांचं नाव मीच अर्ज करून काढायला लावलं होतं. त्याच्याखाली माझं असायला हवं होतं, तिथे दुसरंच कुणीतरी होतं.

सुरेखाताईंनी कार्डावरचा नंबर मोबाईलवर टाकला आणि म्हणाल्या, "हडपसर दाखवतंय की. तुमीच बदलून घेतलंय."

मग आठवलं. गणपतीत आमच्या सोसायटीच्या मांडवात सेक्रेटरी टेबल टाकून बसले होते. "मॅडम, पत्ता अपडेट करून टाका, सगळीकडे कामाला येतं." एका हातात प्रसाद, दुसऱ्या हातानं मी सही ठोकली होती. नंतर पोस्टानं पाकीट आलं, ते न फोडता ड्रॉवरमध्ये गेलं. कार्डावरचा पत्ता बदलला तरी मत गावातच राहतं, असं मी धरून चालले होते. कार्ड हातात म्हणजे मत हातात! अण्णा ओरडून ओरडून सांगायचे, आधी यादी वाच, मग उमेदवार, मग मशीन. मास्तरांच्या एम. ए. मुलीनं पहिलाच धडा गाळला होता.

अत्ते मत देऊन बाहेर आल्या. मी शाळेच्या पायरीवर बसून रडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

"मत न्हाय म्हणून रडतीस?"

"अत्ते, इथलं काहीच उरलं नाही माझं."

त्या माझ्या शेजारी बसल्या. "मी हाय की. पण मत तितं हाय तर हितं बसून काय करतीस? जा."

"आता कुठे पोचते मी! आणि तिथलं मला काही माहीत पण नाही. कोण उभंय तेसुद्धा."

"पाच-सा तास गाडीत काय झोपणार हायीस? ओद." त्यांनी माझ्या पिशवीतून वही काढून हातात दिली. "आमचं वाचलीस, आता तुजं वाच."

मला जायचं नव्हतं. मला त्याच चौथीच्या वर्गात उभं राहायचं होतं. पण ऐंशी वर्षांची बाई काठी टेकत वडापच्या थांब्याकडे चालायला लागल्यावर मागे कशी राहणार?

मतदानाच्या दिवशी प्रवास करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: निम्म्या एसट्या निवडणुकीच्या कामाला गेलेल्या असतात. सोलापूरला पोचले तेव्हा साडेदहा झाले होते आणि पुण्याच्या गाडीपुढे माणसांची भिंत.

"उभ्यानं यावं लागंल, ताई," कंडक्टर म्हणाले.

"चालेल. सहाच्या आत हडपसरला पोचायचंय. मत द्यायला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "लोक मत चुकवून गाडीत बसत्यात, तुमी मतासाठी बसलाव? लई झालं." मोहोळला जागा झाली तेव्हा त्यांनी हाक मारून मलाच बसवलं.

मग वही उघडली. मैंदर्गीची पानं संपली होती, पुढचं कोरं होतं. वर लिहिलं, हडपसर. नेटवर्क जात होतं, येत होतं. एका उमेदवाराचे फ्लेक्स आमच्या चौकात वर्षभर हसत होते आणि गावाला आले नसते तर मी त्यालाच डोळे झाकून मत दिलं असतं. भिगवण येईपर्यंत त्याचं प्रतिज्ञापत्र वाचून झालं आणि मी त्याच्या नावावर काट मारली. दुसऱ्या एकीचं नावही मी ऐकलं नव्हतं, तिच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. सगळे वाचले, शेवटचा अपक्षसुद्धा. अण्णा अपक्षांनाही तेवढाच वेळ द्यायचे, आणि तेव्हा मला त्याचा भारी कंटाळा यायचा.

लोणीच्या अलीकडे गाडी अडकली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघितलं. हडपसरला उतरले, रिक्षा केली, आणि साडेपाचला रांगेत उभी राहिले. अनोळखी शाळा, अनोळखी वर्ग. माझ्यापुढे आमच्याच इमारतीतल्या एक बाई होत्या. सात वर्षांत आम्ही लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे गेलो नव्हतो.

"कोण कोण उभंय हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मला ओट्याची इतकी आठवण झाली. "इथे सांगता यायचं नाही," मी म्हणाले. "पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी खाली येता का? मी वाचून दाखवीन. ठरवायचं मात्र तुम्ही."

सहाला दहा कमी असताना बोटाला शाई लागली.

घरी आले, ड्रॉवरमधलं पाकीट फोडलं. नव्या कार्डावर माझा फोटो आणि खाली हडपसरचा पत्ता. बराच वेळ हातात धरून बसले. अजूनही माझं मन मैंदर्गीच्या त्या यादीत, दोन घरांच्या मधे, आपली जागा शोधतंय. ते शोधत राहणार. पिशवीत शेंगाचटणीचा पुडा फुटून वहीच्या कोपऱ्याला तेल लागलं होतं.

तेवढ्यात अत्तेंचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी छत, मग विभूती, मग एक सुरकुतलेलं, शाई लागलेलं बोट.

"तुजं दाखीव."

मी दाखवलं.

"कुणाला दिलीस ते इचारत न्हाय," त्या म्हणाल्या. "वाचून दिलीस न्हवं?"

"हौद, अत्ते, होय," मी म्हणाले. "वाचून दिलं."