आधी डावा घोटा

त्या टीममध्ये माझी ओळख एवढीच, पायाला टेप बांधणारी बाई. नागपूरला फिजिओथेरपी शिकले, अमेरिकेत मास्टर्स केलं आणि २००४ साली नोकरी लागली ती एका छोट्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये. आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांना धडका देतात तो. रूममेट म्हणायची, "अगं, पहिलवानांचे पाय बांधायला आलीस होय इतक्या लांब?" हो, आले! तुझं काय जातं?

त्यांच्यात एक लाइनमन होता. लाइनमन म्हणजे मागच्या खेळाडूला वाचवायला पुढे उभा राहून मार खाणारा. चेंडू त्याच्या हातात येत नाही, टाळ्या त्याला मिळत नाहीत. वय एकतीस, वजन दीडशे किलो, आणि रविवारी मोठ्या लीगमधल्या एका टीमकडे ट्रायल. त्या वयात दुसरी संधी कोण देतो?

माझ्या टेबलावर त्याचा एक नेम होता. आधी डावा घोटा, मग उजवा. एकदा मी चुकून उजवा आधी बांधला, तर गड्याने सगळी टेप फाडायला लावली.

गुरुवारी सरावात त्याच्या डोक्याला जोराची धडक बसली. तेव्हा दोन बोटं नाचवून "किती?" विचारायचे, की झाली तपासणी. शुक्रवारी तो आला आणि सरळ उजवा पाय पुढे केला. मी मुद्दाम बांधला. त्याला पत्ताच नाही! मग मी विचारलं, काल सराव कुठे झाला, घरी कसा गेलास. त्याला काहीच आठवेना. माझा हात धरून म्हणाला, "प्लीज, लिहू नकोस."

मी हात सोडवून घेतला आणि इजांचं रजिस्टर उघडलं. लिहिलं: डोक्याला मार, कालचं आठवत नाही, खेळू देऊ नये; आणखी एक धडक बसली तर बोलणंही जाऊ शकतं.

कोच तणतणत आला. "तू टेप बांध, डॉक्टरकी करू नकोस." म्हटलं, "रजिस्टरवर सही माझी आहे. खोडायचं तर तुमच्या सहीने खोडा." छाती झाली नाही त्याची. ट्रायल कॅन्सल झाली, मोठ्या टीमने दुसराच माणूस घेतला.

महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. गेले उडत! घरी येऊन रडले, खूप रडले, पण माफी मागितली नाही.

सीझन संपल्यावर तो सामान न्यायला आला. दारात मला अडवून म्हणाला, "माझं करिअर खाल्लंस तू."

"खाल्लं," मी म्हटलं. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. शिव्या द्यायच्यात ना? दे. तुझ्या तोंडून त्या नीट येताहेत तोवर मी इथेच उभी आहे."

त्याने दिल्या. चांगली पाच मिनिटं, एकदाही न अडखळता.