दुधाच्या बशीतलं कडं

माझे जिवाणू रुसले होते, आणि माझी पीएचडी त्यांच्या मर्जीवर होती.

मातीतले साधेच जिवाणू, पण त्यांना दोन आवरणं असतात. आत तयार झालेलं प्रथिन आतलं आवरण ओलांडतं, मध्ये थोडं थांबतं आणि बाहेरच्या आवरणातल्या दारातून सुटतं. ते दार कसं उघडतं, हा माझा विषय. दुधाची पावडर घातलेल्या बशीत जिवाणू वाढवायचे. प्रथिन बाहेर आलं की ते दूध पचवतं आणि जिवाणूंच्या ठिपक्याभोवती पारदर्शक कडं पडतं. हिवाळाभर सुरेख कडी पडली. मे महिन्यात एकदम बंद! बेटे मजेत वाढत होते, पण बाहेर काही सोडायला तयार नव्हते.

"वाणच बिघडलं असेल," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "या महिन्यात कडं दिसलं नाही, तर विषय बदलावा लागेल."

म्हणजे सगळी वर्षं पाण्यात. आणि पाणी तर शहरात नव्हतंच. लष्करी छावणीच्या पुढे आमची नवी वसाहत. घरं झाली होती, नळ यायचे होते. टँकरचं पाणी कूलरमध्ये कोण ओतणार? घराघरातले कूलर बंद, विद्यापीठातल्या आमच्या विभागातलेही बंद.

एका दुपारी जेवताना आईने दह्याचं भांडं माठाखालच्या ओल्या वाळूत दाबलं.

"कूलर बंद झाल्यापासनं दही लई लवकर आंबतंय गं."

माझा घास हातातच राहिला. माझ्या बशा प्रयोगशाळेतल्या कपाटात होत्या. हिवाळ्यात गार असलेली ती खोली कूलरविना आता भट्टी झाली होती. त्या उकाड्यात वाढायला जिवाणूंची हरकत नसेल, पण प्रथिन बाहेर काढायला असेल तर?

घरातला गळका माठ मी विभागात नेला. भांडी धुतलेल्या पाण्यात गोणपाट भिजवून त्याला गुंडाळलं आणि आत नव्या बशा ठेवल्या. लोक हसले. हसू देत.

दोन दिवसांनी माठाचं झाकण काढलं तेव्हा प्रत्येक ठिपक्याभोवती कडं होतं. बशी खिडकीकडे धरली, तर कड्यातून बाहेरचा लिंब दिसला. बाईंनी ती घेतली, परत दिली, पुन्हा मागून घेतली.

"दार शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "विषय हाच ठेव."

जीव भांड्यात पडला. घरी आईला सांगताना मात्र हुंदकाच फुटला. तिने पदराने माझं तोंड पुसलं.

"आता कशाला रडती, येडे? पाणी जपून वापर. टँकर परवा हाय."