किमान वेतन आणि आईचं ताट

मी आईला घराबाहेर काढलं, ही बातमी मला मामाच्या फोनवरून कळली.

खरं तर मी फक्त किमान वेतनाचा नवा दर लागू केला होता. धानोऱ्यात आमची पिठाची चक्की, मागेच घर, आणि कामाला एकटी यमुनाबाई. दर वाढला तसा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "बाई, आता सरकारी दरानं रोख पगार. पण दुपारचं जेवण तुमचं तुम्ही पाहा." (बाबांच्या काळापासून जेवण मजुरीतच धरलेलं. दोन्हीकडून मीच का बुडू?)

"चालते ना भाऊ," यमुनाबाई म्हणाली. "आनीन मी डबा."

दुसऱ्याच दिवशी ती डबा घेऊन समोरच्या कडुलिंबाखाली बसली. समोर म्हणजे थेट एसटीच्या थांब्यावर! मागोमाग आई भाताचं ताट घेऊन निघाली.

"आई, कुठी चालली?"

"जेवाले."

"घरात जेव ना!"

"घरात कोन आहे?"

मी होतो! (बायको शाळेत शिकवायला जाते, पण मी चांगला गल्ल्यावर बसलो होतो!) आई गेलीच. मग पाट गेला. मग पाण्याचा तांब्या गेला. ऊन लागतं म्हणून छत्रीही गेली. एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं, म्हातारी छत्री धरून रस्त्यावर जेवतेय आणि मुलगा आत सावलीत बसलाय! दळणाला येणाऱ्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीनं तर आईच्या ताटात भाजी वाढली, आणि आईनं ती घेतलीही!

शेवटी मामा गडचिरोलीहून आला. बस थांबली तीही नेमकी आईसमोर.

"काऊन रे राजू? बापाले जाऊन वर्ष नाई झालं, अन् मायले रस्त्यावर बसवते?"

"मामा, ते किमान वेतन..."

"मायले बी पगारावर ठेवलं का रे?"

मी आईपुढे उकिडवा बसलो. "आई, घरी चल. लोकं हसून राह्यले."

आईनं घास खाली ठेवला. "सरकारनं यमुनाचं कमीत कमी ठरवलं, चांगलं केलं. माह्यं कमीत कमी कोनी ठरवलं का? तुहे बाबा गेले तवापासून एकटीले घास उतरत नाई, बाबू. ही संगं बसते म्हणून दोन घास जाते."

एकाच घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं.

"मी बसत जाईन तुह्यासंगं," मी म्हणालो.

"तू तं मोबाईलसंगं जेवते."

यमुनाबाईनं डब्याला झाकण लावलं. "भाऊ, दराले हात लावाचा नाई, तो नियमाचा आहे. जेवाले मात्र तुमच्या मायनं बोलावलं तं येईन."

आता यमुनाबाईला नवा दर मिळतो आणि जेवणही, पण आईची पाहुणी म्हणून. दुपारी स्वयंपाकघरात तीन पाट मांडतात. मोबाईल गल्ल्यात ठेवून मीही बसतो. चक्कीचा मालक असलो तरी तिथली माझी नेमणूक तात्पुरती आहे. आईनं बजावलंय, "महिनाभर पाहू. नाई जमलं तं तुले कामावरून कमी करू!"