गिऱ्हाणाचा डाग

ऐंशी सालच्या सूर्यग्रहणात म्हाळसाबाईच्या हातून मोठा गुन्हा घडला, असं सिल्लोडकडच्या त्या धनगरवस्तीत सगळेच मानत. सगळ्यांत आधी ती स्वतः. पोटात आवडा होती. ग्रहणात पोटुशीनं काही चिरू-कापू नये, नाहीतर पोराच्या अंगावर खूण उमटते, हे तिला काय माहीत नव्हतं? पण पुरुषमाणसं रानात, घरामागं मेंढी अडलेली, आणि कोकरू अर्धं बाहेर आलं तेव्हा नाळ त्याच्या मानेला आवळलेली. तिनं विळा उचलला नि नाळ कापली. कोकरू जगलं.

आवडा चालायला लागली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाला लागून पांढऱ्यावर, तपकिरी डाग दिसायला लागला. सासू सारजाबाईनं पोरीला उजेडात धरून पाहिलं. "कापलंस ना गिऱ्हाणात? आता बघ जल्मभर."

तिनं बघितलं. लेकीच्या तोंडाकडं पाहिलं की तिला आधी डागच दिसे. गवत कापताना उन्हावर ढग आला तरी तिची बोटं आपोआप सुटायची, विळा खाली पडायचा. बाया हसायच्या. हसणाऱ्यांचं काय जातं! त्या सावलीत कुणीतरी मागं येऊन उभं राहिलंय असं तिला वाटे, आणि वळून बघायची छाती होत नसे. सासूच्या तोंडाचा पट्टा तर चालूच. आवडाला बघायला आलेलं स्थळ परत गेलं की नव्या जोरानं.

तरी लग्न झालं. आवडा बाळंतपणाला माहेरी असतानाच नव्व्याण्णवचं ग्रहण आलं. म्हाळसाबाईनं तिला आतल्या खोलीत बसवलं. पाणी नाही, हलणं नाही. घरातली सुईसुद्धा बाहेर ठेवली. लेक रडकुंडीला आली, पण ही उंबऱ्यावरून उठली नाही. नात झाली ती स्वच्छ डोळ्यांची. मग काही वर्षं म्हाळसाबाई सुखानं झोपली.

नात शाळेत जायला लागली आणि डाग आला. तोच डोळा, तोच रंग.

आवडा आईसारखी भिणारी नव्हती. तिनं लेकीला, आईला आणि मोतीबिंदू दाखवायचा म्हणून म्हाताऱ्या आजीलाही एसटीत घातलं नि औरंगाबादला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीला तपासलं, मग आवडाला.

"तीळ आहे," त्या म्हणाल्या. "अंगावर असतो तसाच डोळ्यातही असतो. अशी ठेवण घराण्यातून येऊ शकते, उन्हानं त्यात भर पडते. वाढतोय का, एवढं दरवर्षी दाखवत जा. घरात अजून कुणाला आहे?"

"नाय, कुनाला नाय," सारजाबाई घाईनं म्हणाली.

तिचा नंबर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिची सुरकुतलेली वरची पापणी बोटानं उचलली. खाली, डोळ्याच्या पांढऱ्यावर, तसाच तपकिरी तीळ होता.

"आन् गिऱ्हाण?" म्हाळसाबाईनं कसंबसं विचारलं.

"त्याचा काही संबंध नाही हो, मावशी."

बाहेर बाकावर बसल्यावर म्हाळसाबाई सासूकडं वळली. उभं आयुष्य या म्हातारीनं नासवलं होतं. "आत्याबाई, तुमाला ठावं व्हतं?"

सारजाबाईनं पदर डोळ्यावर ओढला. मग म्हणाली, "माझ्या मायनं गिऱ्हाणात भाजी चिरली, म्हनून मला डाग, आसं समदे म्हनायचे. लोकांचं बोलनं सोसंना तिला. मी लहान व्हते तवाच हिरीत उडी टाकली तिनं." तिनं सुनेचं मनगट पकडलं. "म्हाळसा, ती डाक्टरीन खोटं बोलती ना? गिऱ्हाणानंच व्हतं ना? नायतर माझी माय कशापायी गेली गं?"

म्हाळसाबाईला बोलायचं खूप होतं. पण त्या म्हातारीच्या तोंडाकडं तिला बघवेना. आवडा मान हलवून 'हो म्हणू नको' असं खुणावत होती.

"व्हय, आत्याबाई," ती म्हणाली. "गिऱ्हाणानंच. माझंच चुकलं."

सारजाबाईनं मनगट सोडलं. शेजारी बसलेली नात सगळं ऐकत होती. तिनं हळूच आपल्या डोळ्याला बोट लावलं आणि आवडाकडं वळून विचारलं, "मग आई, माझ्या टायमाला तू काय कापलं व्हतंस?"